कयाकवरची बॅटरी: हलकी, पण किती हलकी?

कोकणात कयाकवरून गरवायला जाणाऱ्या अनेकांची पहिली बॅटरी फवारणी पंपातली असते. आंब्या-काजूवर फवारणी करायचा पाठीवरचा पंप घरात असतोच. त्यात १२ व्होल्टची, ८ एएचची, म्हणजे ८ अँपिअर-तासांची, शिशाची बॅटरी असते आणि फिशफाईंडरलाही १२ व्होल्टच लागतात. दोन वायरी जोडल्या की पडद्यावर खाडीचा तळ उमटायला लागतो. माझीही सुरुवात अशीच झाली. कर्लीच्या खाडीत पहाटे मतलई वाऱ्यावर मुखाच्या दिशेने निघायचं आणि खारा वारा उठला की त्याच्या जोरावर परतायचं, हा माझा क्रम. एके दिवशी साडेनऊच्या सुमारास, पाण्याखालच्या खडकांची एक रांग नुकती सापडलेली असताना, पडदा विझला. बॅटरी पुरती संपलेली नव्हती. घरी मोजली तेव्हा तिच्यात दिवा पेटवण्याइतका जीव होता, पण फिशफाईंडरला चालेल इतकं व्होल्टेज उरलं नव्हतं. अडीच किलोच्या आसपास वजन चिखलातून वाहून नेलं आणि त्यातलं निम्मंच कामाला आलं. कयाकसाठी बॅटरी निवडताना नेमकं काय पाहायचं याचा विचार मी त्या दिवसापासून करायला लागलो.

दोन किलोंनी काय बिघडतं, असं वाटू शकतं. गरवण्यासाठीची बारा फुटी कयाक तीस-चाळीस किलोंची असते, पायाने चालवायची असेल तर त्याहून जड. पण ती पाण्यात असताना वजन जाणवत नाही. ती गाडीच्या टपावरून उतरवताना आणि ओहोटीला चिखलातून ओढताना जाणवते, आणि ते काम बहुधा एकट्याने करायचं असतं. शिवाय कयाकचा तोल माणसाच्या बुडाशी असतो. बॅटरी पुढच्या टोकाच्या कप्प्यात ठेवली तर नाक पाण्यात घुसतं, एका अंगाला ठेवली तर दिवसभर एका हाताने जास्त वल्हवावं लागतं. आणि कयाक कधीतरी उलटते. उलटलेली कयाक पाण्यात राहून सरळ करायची असते तेव्हा आतली प्रत्येक जड वस्तू आपल्या विरोधात काम करते. म्हणून मी कमी वजनाचा आग्रह धरतो.

पण दुकानात जायच्या आधी एक काम घरी करायचं आहे. आपल्या यंत्रांची भूक मोजायची.

फिशफाईंडरच्या माहितीपत्रकात तो किती अँपिअर खातो ते लिहिलेलं असतं, तरी एकदा स्वतः मोजावं. साधा मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून तो वायरीच्या मधे जोडायचा, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवायचा आणि आकडा वाचायचा. उजेड पूर्ण वाढवूनच मोजा, कारण भर उन्हात तो तसाच ठेवावा लागतो. डब्यावर दोनशे-पाचशे वॅट असा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. तो आवाजाच्या ठोक्याचा जोर असतो आणि ठोका सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता असतो. खरी वीज खातो तो पडदा. चार-पाच इंची पडद्याचा फिशफाईंडर साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतो, सात इंची एक अँपिअरच्या आसपास, आणि बाजूचं पाणी दाखवणारा नऊ इंची दीड-दोन अँपिअर किंवा जास्तही.

आता माझा हिशेब सांगतो. पाच इंची पडदा ०.४ अँपिअर, सहा तास: २.४ एएच. पहाटेच्या अंधारात पांढरा एलईडी दिवा दीड तास: ०.३ एएच. मोबाईल एकदा पूर्ण चार्ज करायचा झाला तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास २ एएच जातात. बेरीज ४.७. त्यावर तीस टक्के राखीव, कारण वारा फिरला की सहा तासांचे आठ होतात. म्हणजे सहा-सव्वासहा एएच. मला खरोखर वापरता येतील असे ६ एएच हवेत, यापेक्षा जास्त बॅटरी वाहून नेण्याची गरज नाही. नऊ इंची यंत्रवाल्याचा हाच हिशेब सोळा-सतरा एएचवर जातो. आपापला आकडा काढा. तो कागदावर लिहून खिशात ठेवला की दुकानदाराने काहीही दाखवलं तरी आपली निवड डळमळत नाही.

एका गोष्टीने हा हिशेब कोलमडतो: जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी, ठेवायचा पंप. जिताडा जिवंत सुंगटावर येतो, त्यामुळे पाणी खेळतं ठेवावंच लागतं. पण टाकीचा पंप सतत चालवला तर दोन अँपिअरने सहा तासांत १२ एएच संपतात, म्हणजे बाकी सगळ्या यंत्रांच्या दुपटीहून जास्त. त्याला टायमर लावा, मिनिटभर चालू आणि चार मिनिटं बंद. किंवा स्वतःची छोटी बॅटरी असलेला हवेचा पंप घ्या. मी दुसरा मार्ग धरला आणि मुख्य बॅटरी लहानच ठेवली.

शिसं, फॉस्फेट आणि तिसरी

शिशाची बॅटरी १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली आणि अजून ती टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे, कुठेही मिळते आणि बिघडली तर भंगारवालाही पैसे देतो. तिचा दोष असा की ती पूर्ण वापरता येत नाही. निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. आणि उतरत जाताना तिचं व्होल्टेजही सावकाश घसरत जातं: भरलेली असताना १२.७ च्या आसपास, निम्मी झाल्यावर १२.२, आणि पुढे भार असताना अकराच्या खाली. जुनी बॅटरी, लांब वायर आणि गंजलेला जोड यांची भर पडली की यंत्र बंद पडतं. मला लागणारे ६ एएच शिशातून सुखाने मिळवायचे तर १२ एएचची बॅटरी हवी, आणि तिचं वजन साडेतीन-चार किलो.

लिथियमच्या दोन जाती आपल्या कामाच्या आहेत आणि त्यांतला फरक समजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. पहिली मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक यांतली. तिच्यात निकेल, मँगनीज, कोबाल्ट यांपैकी काही असतात. अशी लिथियम बॅटरी १९९१ साली सोनीने बाजारात आणली. वजनाला तिच्याइतकी हलकी दुसरी नाही. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात जिला एलएफपी किंवा नुसतं फॉस्फेट म्हणतात. तिच्यावरचा पहिला शोधनिबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून आला. लिहिणाऱ्यांत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी ही भारतीय नावं होती आणि त्यांच्याबरोबर जॉन गुडइनफ, ज्यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

फॉस्फेटचा गुण त्याच्या बांधणीत आहे. बॅटरी फार तापली तर कोबाल्ट-निकेलच्या जातीतून प्राणवायू सुटतो आणि आग स्वतःच स्वतःला पोसते. फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फरसला घट्ट धरलेला असतो, तो सहजी सुटत नाही. त्यामुळे तीही चुकीने वापरली तर बिघडते, धुमसते, पण भडकायला बराच मोठा अपराध लागतो. पाण्यावर, बंद डब्यात, आपल्या पाठीमागे हातभर अंतरावर ठेवायच्या वस्तूत मला हा गुण हलकेपणाहून मोठा वाटतो. शिवाय तिची चार्ज-डिस्चार्जची आवर्तनं दोन हजारांच्या पुढे जातात. वर्षाला साठ फेऱ्या मारणाऱ्या माणसाला ती बॅटरी वापरून वापरून संपवता येणार नाही, दुसऱ्याच कशाने तरी संपेल.

व्होल्टेजचंही तिचं जमतं. चार घट मिळून १२.८ व्होल्ट होतात आणि जवळपास शेवटपर्यंत ते तेरा-साडेबाराच्या दरम्यान राहतात. बहुतेक फिशफाईंडर नऊ-दहा ते अठरा-वीस व्होल्टवर चालतात, तरी आपल्या यंत्राची मर्यादा पाहून घ्यावी. निकेलवाल्या जातीचे तीन घट ११.१ व्होल्ट देतात, भरल्यावर १२.६, आणि शेवटचा बराचसा भाग दहा व्होल्टच्या जवळ जातो, जिथे काही यंत्रं कुरकुरायला लागतात.

या स्थिर व्होल्टेजची एक अडचण मात्र आहे. शिशाच्या बॅटरीत पडद्यावरचा व्होल्टचा आकडा पाहून पोटात किती उरलं ते कळतं. फॉस्फेटमध्ये आकडा सकाळपासून १३ च्या आगेमागे राहतो आणि मग एकाएकी सगळं बंद. आतलं संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, घट संपल्यावर जोडणी तोडतं. म्हणून फिशफाईंडरमध्ये बॅटरीचा अलार्म असतो तो १२.५ व्होल्टवर लावून ठेवा. तो वाजला की थोडाच वेळ उरला असं समजायचं. आणि घड्याळ पाहायची सवय लावा. आपला अँपिअरचा आकडा माहीत असला की तास मोजणं हाच उत्तम मीटर.

माझं मत सरळ आहे. वल्हवत जाणाऱ्या गरवणाऱ्याने ६ ते १२ एएचची १२.८ व्होल्टची फॉस्फेट बॅटरी घ्यावी. ७ एएचवाली एक किलोच्या आत बसते, १२ एएचवाली दीड किलोच्या आत. निकेलच्या जातीने आणखी तीन-चारशे ग्रॅम वाचतील, पण त्या वाचवलेल्या वजनासाठी मी ती जोखीम घेणार नाही.

काटा आणि बल्ब

बॅटरीवर छापलेल्या एएचवर विश्वास ठेवू नका. हा बाजार फुगवलेल्या आकड्यांनी भरलेला आहे. पण बॅटरीला एक गोष्ट लपवता येत नाही: वजन. वीज साठवायला धातू आणि मीठ लागतं, आणि त्यांना वजन असतं.

सौर पथदिव्यांमुळे आपल्याकडे जाड गोल फॉस्फेट घट सर्वत्र झाले आहेत. ते ६ एएचचे असतात आणि एकेकाचं वजन सुमारे १४० ग्रॅम. चार घट म्हणजे १२.८ व्होल्ट, ६ एएच, वजन ५६० ग्रॅम अधिक वायरी आणि सर्किट. आठ घट म्हणजे १२ एएच, वजन सव्वा किलोच्या आसपास. आता कोणी २० एएच लिहिलेली फॉस्फेट बॅटरी हातात दिली आणि ती नऊशे ग्रॅम भरली, तर ती २० एएचची असूच शकत नाही. किलोमागे शंभर ते सव्वाशे वॅट-तास हे चांगल्या फॉस्फेट बॅटरीचं माप, वॅट-तास म्हणजे व्होल्ट गुणिले एएच. शिशाचं माप पस्तीस-चाळीस. हलकी बॅटरी शोधायला निघालेल्या माणसाने हे ध्यानात ठेवावं की एका मर्यादेपलीकडचा हलकेपणा ही फसवणुकीची खूण आहे. मी स्वयंपाकघरातला काटा घेऊन दुकानात गेलो आहे आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. तीच गोष्ट बोटाएवढ्या, १८६५० आकाराच्या लिथियम घटांची: चांगला घट साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबतो. त्यावर ९९०० लिहिलेलं दिसलं तर तो घट ठेवून द्या.

मी मागवलेल्या एका बॅटरीवर १२ एएच छापलं होतं. वजन कमी भरलं म्हणून शंका आली आणि मी बल्ब लावला. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. १२ एएचची बॅटरी त्याला साडेसहा-पावणेसात तास पेटता ठेवायला हवी. माझी चार तासांच्या आत विझली. विक्रेत्याने बदलून दिली नाही आणि तो खर्च गेला, पण त्यानंतर कोणतीही बॅटरी बल्बाच्या परीक्षेशिवाय पाण्यावर गेली नाही. बल्ब फार तापतो, तेव्हा तो लादीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवा, प्लास्टिकपासून लांब, आणि तो पेटता असेपर्यंत घर सोडून जाऊ नका. वेळ वहीत लिहून ठेवा. शिशाच्या बॅटरीवर मात्र ही परीक्षा शेवटपर्यंत नेऊ नका, तिला त्याने इजा होते.

खरेदी करताना आणखी दोन खुणा पाहा. भारतीय मानक ब्यूरोचा आयएस १६०४६ क्रमांक आणि त्याखाली आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. आणि बीएमएस आहे का, तो किती अँपिअरचा आहे. पथदिव्याच्या बॅटऱ्या बहुधा निळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेल्या असतात. त्या चांगल्या निघू शकतात, पण ते वेष्टन पाण्यासाठी नाही. त्यांना डबा आपण द्यायचा.

पॉवर बँक चालेल का, असं नेहमी विचारलं जातं. लहान पडद्यासाठी चालते, दोन गोष्टी पाहून. एक, पॉवर बँकेवरचे एमएएच ३.७ व्होल्टचे असतात, बाराचे नव्हेत. वीस हजारवाली म्हणजे ७४ वॅट-तास, बारा व्होल्टला जेमतेम ६ एएच, आणि बदलातला तोटा धरला तर पाच. दोन, टाइप-सीमधून मिळणाऱ्या व्होल्टेजच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० या आहेत; १२ ची पायरी प्रत्येक पॉवर बँकेत असतेच असं नाही. भार कमी असला की काही पॉवर बँका आपोआप झोपी जातात, तेही घरी तपासून घ्या. ड्रिल मशीनची बॅटरी वापरायची तर भरल्यावर ती वीस-एकवीस व्होल्टपर्यंत जाते, व्होल्टेज उतरवणारं सर्किट मधे घालावं लागतं आणि स्वस्त सर्किटचा आवाज पडद्यावर रेघोट्या होऊन उमटतो. मी तो नाद सोडला.

विजेवर चालणारी मोटर हे वेगळंच प्रकरण आहे. पूर्ण वेगात ती तीस ते पन्नास अँपिअर ओढते. तिची बॅटरी तिला, यंत्रांची यंत्रांना. एकत्र जोडल्या तर मोटर सुरू होताना पडदा बंद पडतो आणि ती चालू असताना तळ नीट दिसत नाही.

खारं पाणी

आता ज्यावर सगळ्यात जास्त दिवस वाया गेलेले पाहिले, त्याबद्दल. कयाकवर बॅटरी संपण्यापेक्षा जोड खराब होणं कितीतरी जास्त घडतं. खारं पाणी वीज वाहून नेतं. उघड्या जोडावर दोन थेंब पडले आणि वीज चालू असली की धन बाजूचं तांबं अक्षरशः विरघळायला लागतं. हिरवी भुकटी दिसते ती त्याचीच. दिसायला वायर अखंड असते, आत तिचं पीठ झालेलं असतं.

म्हणून वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची घ्या. फिशफाईंडरसाठी १ चौरस मिलिमीटरची पुरते, फार लांब असेल तर दीड. थिंबल नीट दाबून बसवा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. साधी नळी पाणी अडवत नाही. वायर नुसती पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय घरातल्या दिव्यासाठीही वाईट, खाडीत तर ती दोन फेऱ्याही टिकत नाही.

फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. लहान फिशफाईंडरला बहुधा दोन-तीन अँपिअरचा सांगितलेला असतो, माहितीपत्रकात असेल तोच घाला. यंत्राजवळ फ्यूज लावून उपयोग नाही. वायर मधेच कुठे घासून उघडी पडली तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा तुकडा पेटतो. बीएमएस तोडेल या भरवशावर राहू नका.

डबा रबरी कडी असलेला, घट्ट बंद होणारा घ्या आणि वायर बाहेर काढायला केबल ग्लँड बसवा. आयपी ६७ लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास, तोही गोड्या पाण्यात आणि नव्या रबरावर. आपली परीक्षा आपण घ्यावी: डब्यात बॅटरीऐवजी दगड आणि कोरडा वर्तमानपत्राचा कागद घालून तो पिंपात अर्धा तास बुडवून ठेवायचा. कागद ओला निघाला तर ग्लँड किंवा रबर दोषी. बहुतेक वेळा रबराच्या खाचेत वाळूचा कण अडकलेला असतो. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. उन्हात तापलेला डबा गार पाण्यात पडला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं पाणी आत ओढते. नुसत्या शिंतोड्यांना पुरून उरणारा डबा अशा वेळी हरतो. म्हणून डबा सावलीत, बैठकीमागे, ओल्या फडक्याखाली ठेवा. बॅटरीलाही मेच्या उन्हापासून तेवढाच आराम.

डबा तरंगतो का, तेही त्याच पिंपात पाहा. हिशेब सोपा आहे. डब्याचं आकारमान लिटरमध्ये, आतल्या सगळ्याचं आणि डब्याचं मिळून वजन किलोत. लिटर जास्त असतील तर डबा वर राहतो. तीन लिटरच्या डब्यात एक किलोची फॉस्फेट बॅटरी आरामात तरंगते. शिशाच्या बॅटरीचा तेवढाच डबा काठावर असतो. तरंगला तरी तो बांधून ठेवायचा, कयाकच्या मध्यरेषेवर, तळाशी, आखूड पट्ट्याने. लांब दोरी नको, उलटल्यावर ती पायात येते.

अंधारात निघणाऱ्यांनी एक विजेरी या सगळ्यापासून वेगळी, खिशात ठेवावी. समुद्रावरच्या टक्करी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम वल्ह्याच्या होडीला निदान एवढं बंधन घालतात की बाजूचे दिवे नसतील तर पांढऱ्या उजेडाची विजेरी किंवा कंदील हाताशी असावा आणि टक्कर टाळता येईल इतक्या वेळेत तो दाखवावा. मासेमारी लाँचवरच्या माणसाला आपली कयाक पाण्याच्या रेषेबरोबरीची दिसते. मुख्य बॅटरी गेली म्हणून तो उजेड जाता कामा नये.

घरी आल्यावर

सगळ्यात धोकादायक चूक घरात होते, भिंतीवरच्या प्लगापाशी. चार घटांच्या फॉस्फेट बॅटरीचा चार्जर १४.६ व्होल्टचा असतो. तीन घटांच्या निकेलवाल्या बॅटरीचा १२.६ चा. दोन्हींची गोल पिन पुष्कळदा एकसारखी असते आणि ती दोन्हींत बसते. १४.६ चा चार्जर तीन घटांच्या बॅटरीला लागला आणि बीएमएस निकृष्ट असला तर घरात आग लागू शकते. घरात दोन्ही जातींच्या बॅटऱ्या असतील तर बॅटरी आणि तिचा चार्जर यांवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना ती दाखवून ठेवा. फवारणी पंपाचा चार्जरही फॉस्फेटला लावू नका. शिशासाठीचे काही चार्जर सल्फेटचा थर झटकायला विजेचे झटके देतात, ते या बॅटरीला सोसत नाहीत. पाण्यावरून आल्यावर तापलेली बॅटरी लगेच लावू नका, तासभर थंड होऊ द्या. पंचेचाळीस अंशांच्या वर तिला चार्ज करणं टाळायचं असतं. आणि रात्री सगळे झोपलेले असताना नको.

खारं पाणी आत शिरलेली लिथियम बॅटरी वाचवायच्या भानगडीत पडू नका. वायरी सोडवा, गोड्या पाण्याने धुवा, अंगणात घरापासून आणि सुक्या पाल्यापासून दूर ठेवा, चार्जरला लावू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ती कचऱ्यात न टाकता तिथे पोचवा.

आखातातून किंवा अमेरिकेतून सुट्टीला येताना कोणी आपल्यासाठी बॅटरी आणणार असेल तर त्यांना एक आकडा आधीच कळवा. विमानात सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते, पोटातल्या सामानात नाही. १०० वॅट-तासांपर्यंत अडचण नसते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच नेता येतात. त्यापुढे प्रवाशाला मनाई. १२.८ व्होल्टची ७ एएच म्हणजे ८९.६ वॅट-तास, ती बसते. १२ एएच म्हणजे १५३.६, तिला परवानगी हवी. टोकांवर चिकटपट्टी लावलेली असावी आणि वॅट-तास बॅटरीवर छापलेले असावेत.

राहिला पावसाळा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. कयाकला यंत्र नसलं तरी त्या पाण्यात ती नेण्यासारखी नसते, तेव्हा आपणही तिला पडवीत उलटी ठेवतो. फॉस्फेट बॅटरी अशा वेळी पूर्ण भरून ठेवू नका, पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, वायर काढून, कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह. शिशाची मात्र पूर्ण भरूनच ठेवायची आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरायची, नाहीतर ती उपाशीच मरते. नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी बॅटरी बाहेर काढा, पूर्ण चार्ज करा, तोच एकवीस वॅटचा बल्ब लावा आणि तास मोजा. गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी वहीत या वर्षीचा आकडा लिहा. तो पाऊण पटीखाली आला असेल तर पहिल्या फेरीच्या आधी नवी बॅटरी घ्या.